मापातले तांदूळ

कोडोली,
८ जानेवारी २०२५

चि. अदितीस,

'सौ.' लिहायला हात गेला आणि थांबला. सवय, दुसरं काय. तुझा फोन लागत नाही. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस असं अप्पा म्हणाले. ठेव. पत्र काही तसं बंद करता येत नाही, पोस्टमन कुरुंदवाडला आणून टाकेलच. फाडायचं असेल तर वाचून मग फाड.

काम लहान आहे, आणि हसलीस तरी चालेल. मला भाताची कृती पाहिजे. साध्या भाताची. लग्न होऊन आलीस तेव्हा तुला तो येत नव्हता, आणि मी दारावरून जाणाऱ्या बायकांना हाका मारून तुझं पातेलं दाखवलं होतं. मग तू कुणाकुणाला विचारून सगळं एका कागदावर उतरवलंस आणि फडताळाच्या दाराला आतून चिकटवलंस. भात काय वाचून करतात होय, म्हणून तो कागद मीच ओरबाडून काढला. चिकटपट्टीचे चार कोपरे अजून दाराला आहेत.

बेचाळीस वर्षं मी या घरात भात शिजवते आहे. कधी वाटीनं मोजला नाही, कधी घड्याळ बघितलं नाही. आणि गेले नऊ दिवस माझा भात शिजत नाही. सगळाच कच्चा राहतो असं नाही. वरचा शिजतो, तळाचा शिजतो, आणि मधोमध मूठभर दाणे जसेच्या तसे कडक राहतात. गॅसवर करून बघितला, चुलीवर केला, कुकरला सहा शिट्ट्या दिल्या. पाणी वाढवलं तर बाकीच्याचा गिचका झाला आणि ते दाणे त्यात टणक. शेजारची धोंडुबाई याच डब्यातले तांदूळ घेऊन गेली, तिच्याकडं दाणा न् दाणा शिजला. अप्पांची दाढ दुखायला लागली आहे. काल म्हणाले, "माझ्या ताटात खडं वाढतीस व्हय गं?"

तीस तारखेला वारणानगरचे पावणे आले होते, तुझी चौकशी करायला. तुला कळलंच असेल. या संक्रांतीला माझ्या राजसला जाऊन दोन वर्षं होतील. तुझ्या मास्तर वडिलांनी तुझं दुसरं लग्न बघावं यात माझं काही म्हणणं नाही. पावण्यांनी विचारलं तेवढं मी सांगितलं, चहा दिला, पाठवलं. भाताचं हे त्याच दुपारी सुरू झालं म्हणून तारीख ध्यानात राहिली. बाकी दोन्हीचा काही संबंध नाही.

कृती पाठव.

माई


कोडोली,
१७ जानेवारी २०२५

चि. अदिती,

तुझा कागद मिळाला. वर नाव नाही, खाली नाव नाही, मध्ये नुसता भात. तरी पाठवलास, हे खूप झालं.

मी शाळेतल्या पोरीसारखी कागद समोर ठेवून बसले. एक वाटी तांदूळ. तीन पाण्यांनी धुवायचा, चोळायचा नाही. अर्धा तास भिजवायचा. भिजवलेलं पाणी टाकून नव्या दोन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. उकळी आली की आच बारीक करून झाकण, बारा मिनिटं. मग गॅस बंद करून आणखी दहा मिनिटं झाकण उघडू नका. 'उघडू नका'च्या खाली तू रेघ मारली आहेस. कुणासाठी मारलीस ते मला कळलं. मी सारखी झाकण उघडून बघणारी बाई, पातेल्याचंही आणि माणसांचंही.

या वेळी उघडलं नाही. हात मांडीवर ठेवून घड्याळाकडं बघत बसले. दुपारचे साडेबारा वाजले होते, अप्पा रानात, घरात मी एकटी. चार-पाच मिनिटं झाली असतील, आणि पुढच्या सोप्यात काहीतरी वाजलं. पितळेचं भांडं फरशीवर पडून गिरकी घेतं आणि हळूहळू निवत जातं, तसा आवाज. जाऊन बघितलं. सोप्यात भांडं नव्हतं. उंबरा मोकळा होता, दार उघडं होतं, अंगणात कोंबड्या उभ्या होत्या. टिपत नव्हत्या, नुसत्या दाराकडं बघत उभ्या होत्या.

परत येऊन झाकण काढलं. भात असा झाला होता की मला तुझा हेवा वाटला, खरं सांगते. मोकळा, पांढरा, वाफ सरळ वर जाणारी. मग उलथनं मध्ये घातलं आणि ते अडलं.

या वेळी मी ते दाणे ताटलीत वेचून काढले आणि नीट बघितले. पांढरे नाहीत, पिवळट आहेत. बोटानं चोळले तर बोट पिवळं झालं. वास घेतला. हळद आहे. भातात हळद मी घातली नव्हती आणि तुझ्या कागदावरही नाही.

तुझ्या आईला विचार, असं कधी होतं का. माझं नाव सांगू नकोस.

माई


कोडोली,
३० जानेवारी २०२५

चि. अदिती,

दुसऱ्या पत्राला उत्तर नाही. नसू दे.

पातेलं जड लागतं हे मी गेल्या वेळी लिहिलं नाही. वाटलं, वय झालं, हातातलं बळ गेलं. पण जनावरांची पेंड मोजायला अप्पांनी बॅटरीचा काटा आणला आहे, त्यावर एक दिवस पातेलंच ठेवलं. तांदूळ, पाणी, भांडं धरून सव्वा किलो. शिजवून उतरवलं आणि परत ठेवलं, तर सव्वादोन. वाफ गेल्यावर वजन कमी व्हायला पाहिजे, एवढं मलाही कळतं. मधले दाणे वेचून बाजूला काढले आणि तिसऱ्यांदा ठेवलं, तर सव्वा किलोच्या आत. नुसते दाणे काट्यावर टाकले तर आकडा हलतसुद्धा नाही, एवढे ते थोडे. पाच दिवस केलं. पाचही दिवस एक किलोचा फरक, तोळ्याचाही इकडंतिकडं नाही.

धोंडुबाईला दाखवलं. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "बाहेरचं हाय गं हे. कुणाला तरी दाखवून घेऊया."

मी म्हणाले, "बाहेरचं न्हाय. घरातलंच हाय."

असं का म्हणाले ते तेव्हा मलाही कळलं नाही.

दाणे मी टाकत नाही. धुऊन, वाळवून वाडग्यात ठेवते. काहींच्या टोकाला लाल आहे. ते कुंकू आहे.

आता पावण्यांचं सांगते. त्यांनी विचारलं तेवढंच सांगितलं असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. त्यांनी काहीच विचारायच्या आधी मी बोलायला सुरुवात केली. म्हणाले, हिनं माप ओलांडलं तेव्हा ते बाहेर पडलं होतं.

आणि ते खोटं नाही, अदिती. शंभर बायकांनी बघितलं. उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं पितळी माप, वर हळदीकुंकू. तू उजवा पाय लावलास, माप हललं नाही. परत लावलास, तर ते जागच्या जागी फिरलं आणि घरात लवंडायचं ते दाराबाहेर पडलं. बायका गप्प झाल्या. मी गप्प झाले नाही. दोन वर्षांनी राजसची गाडी अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली, आणि रक्षाविसर्जनाला सगळ्या भावकीसमोर मी तुला पांढऱ्या पायाची म्हणाले. त्याच दिवशी तू वडिलांबरोबर कुरुंदवाडला गेलीस. एवढं सगळं मी पावण्यांना सांगितलं. त्या बाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. ती मंडळी उठून गेली, मी स्वयंपाकघरात येऊन तांदूळ धुतले.

संबंध नाही असं मी लिहिलं होतं. तेही खोडून टाक.

माई


कोडोली,
१२ फेब्रुवारी २०२५

अदिती,

हे पत्र अप्पांना न सांगता लिहिते आहे.

वाडगं भरलं म्हणून आज मी माळ्यावरून माप खाली काढलं. तेच, लग्नातलं. दाणे त्यात ओतले. का ओतले ते विचारू नकोस, हातानंच ओतले.

तुला कधी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात मापातले सांडलेले तांदूळ सुपात भरून घरच्या तांदळात मिसळतात आणि नवरीच्या हातचा पहिला भात त्याचाच करतात. मग ती घरची झाली. तुझे मिसळले नाहीत. बाहेर पडलेलं आत घ्यायचं नाही असं मी बायकांना सांगितलं, पायरीवरून झाडून घेतले आणि कोंबड्यांना टाकले. कोंबड्यांनी ते खाल्ले, एक दाणा राहिला नाही. मी स्वतः बघितलं होतं.

ते दाणे आज माझ्यासमोर मापात आहेत. माप मात्र भरलं नाही. चार बोटं रिकामं राहिलं. मी त्या रिकाम्या जागेकडं बघत होते आणि ती कशाची जागा आहे ते मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, अदिती. काट्यावर एक किलो आला तेव्हाच माहीत झालं होतं, आणि तरी मी पाच दिवस मोजत बसले.

अप्पांच्या जुन्या तागडीचं किलोचं लोखंडी वजन मी फळीवरून आणलं. दाणे परत वाडग्यात काढले. वजन मापाच्या तळाशी ठेवलं आणि वर दाणे ओतले. माप काठोकाठ भरलं. वरून हात सपाट फिरवला, एक दाणा खाली पडला नाही.

लग्नाच्या सकाळी मी हेच केलं होतं. वजन तळाशी, वर तांदूळ, वर हळदीकुंकू. तुझ्या पायानं माप हलू नये, बायकांनी हसावं, एवढंच मनात होतं. सासूनं केलेली थट्टा, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. थट्टा नव्हती. वरातीत राजस तुझ्याकडं बघत होता ते मला बघवत नव्हतं. पोरगं माझं होतं आणि त्या दिवशी ते माझ्याकडं बघत नव्हतं. एवढ्यासाठी.

माप बाहेर पडेल असं मला वाटलं नव्हतं. पडलं तशी मी सगळ्यांच्या आधी वाकले आणि वजन पदरात घेतलं. तुझ्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. जोतिबाला गेलो तेव्हा तू लंगडत होतीस, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की मास्तरांच्या पोरींना पायऱ्या झेपत नाहीत. पुढं माझं मलाच ते खरं वाटायला लागलं. राजस गेला तेव्हा मला कुणाला तरी दोष द्यायचा होता, आणि तो दोष मी दोन वर्षं आधीच तयार करून ठेवला होता.

हे लिहिताना सोप्यात परत तोच आवाज येतो आहे. दुपारची वेळ आहे, अप्पा बाहेर गेलेत. मी बघायला जाणार नाही. बघायचं काही राहिलं नाही.

उद्या वारणानगरला जाऊन येते.

माई


कोडोली,
२० फेब्रुवारी २०२५

चि. अदिती,

उद्या म्हणाले होते, पण सहा दिवस पाय निघाला नाही. काल गेले.

कामगार वसाहतीत त्यांचं घर आहे, तुला माहीत असेल. तुळस, स्कूटर, स्वच्छ पायरी. तुझ्यासाठी बघितलेला धैर्यशील कामावर गेला होता. त्याचे वडील उदयसिंह आणि आई दोघं घरात होती. मला बघून ती दोघं घाबरली असतील, पण "या की, बसा," म्हणाली.

मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. वजन, माप, कोंबड्या, सगळं. फक्त भाताचं सांगितलं नाही, कारण मग त्यांनी मला वेडी समजून बाकीचंही खोटं धरलं असतं. पिशवीतून लोखंडी वजन काढून त्यांच्यासमोर ठेवलं. म्हणाले, हा हिचा पायगुण.

उदयसिंहांनी ते उचलून हातात तोललं. मग म्हणाले, "पायगुण इचारायला आम्ही आलोच नव्हतो वो. आमचा त्यावर इस्वासबी न्हाय."

"मग कशाला आलासा?"

"पोरीनंच धाडलं. म्हणाली, आधी कोडोलीला जाऊन माईंस्नी इचारा. त्या व्हय म्हणाल्या तरच मी लग्नाचं बघीन."

मी तिथंच त्यांच्या पायरीवर बसले. धैर्यशीलच्या आईनं पाणी आणून दिलं आणि शेजारी बसली. म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी एवढं बोलला, पर व्हय का न्हाय ते बोललाच न्हाईसा. आम्ही तिला काय सांगायचं? तिनं इचारलं, माई काय म्हणाल्या, तर आम्ही गप्प बसलो. तवापास्नं तीबी गप्प हाय."

अदिती, मला वाटत होतं मी तुझं लग्न पावण्यांच्या घरात मोडून आले. ते मी तुझ्या मनात मोडलं. तू माझी परवानगी मागितलीस. मी तुला काय काय म्हणाले, तरी तू मला विचारायला माणसं पाठवलीस, आणि मी त्यांना चहा पाजून विष सांगितलं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी व्हय म्हटलं. त्या बाईंनी ऐकलं नाही असं वाटून दोनदा म्हटलं.

घरी येऊन भात टाकला. शिजला. मधला, वरचा, तळाचा, सगळा. अप्पा तिसऱ्यांदा भात घेऊन म्हणाले, "आज काय घातलंस गं यात?"

पिवळे दाणे मात्र मापात तसेच आहेत. त्यांचं काय करू, तेवढं लिही. कोंबड्यांना टाकायचे नाहीत, एवढं मला कळतं.

माई


कोडोली,
१६ एप्रिल २०२५

चि. अदिती,

तुझ्या चार ओळी काल आल्या. वर 'माई' लिहिलं आहेस, ते मी आधी वाचलं आणि मग चष्मा पुसला.

तू लिहितेस, 'वजन मला त्याच दिवशी दिसलं होतं. तुम्ही पदरात घेत होता तेव्हा. राजसला सांगितलं नाही, त्याला तुमचं तोंड बघावंसं वाटलं नसतं. तांदूळ टाकू नका, शिजवा आणि दोघं मिळून खा.'

चार वर्षं तू हे जवळ ठेवलंस. मी तुला पांढऱ्या पायाची म्हणत होते आणि तू माझ्या पदराकडं बघत होतीस.

मापातले सगळे दाणे आज पातेल्यात घातले आहेत. तीन पाण्यांनी धुतले, चोळले नाहीत. अर्धा तास भिजवले. बारा मिनिटं झाली, गॅस बंद केला, आणि आता तुझी ती दहा मिनिटं चालू आहेत. तेवढ्यात हे लिहिते आहे. रिकामं माप घासून उंबऱ्यावर उभं ठेवलं आहे. अप्पांना लवकर घरी यायला सांगितलं होतं, ते ताट घेऊन समोर बसले आहेत.

आत्ता आवाज आला. या वेळी अप्पांनीही ऐकला. माप लवंडलं, गडगडत आत आलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबलं. वारं नाही, मांजर नाही, अंगणात कुणी नाही. अप्पा उठायला लागले, मी त्यांचा हात धरून बसवलं. अजून तीन मिनिटं राहिलीत, झाकण उघडायचं नाही.

उघडलं. सगळा भात शिजला आहे. पिवळा, हळदीचा वास असलेला. आम्ही दोघांनी खाल्ला. अप्पा काही न विचारता जेवले, आणि शेवटच्या घासाला म्हणाले, "पोरगी घरची झाली बग, आन् चालली बी." मग बराच वेळ दोघं रडलो. राजस गेल्यावर आम्ही एकत्र रडलो नव्हतो.

अक्षयतृतीयेला तुझं लग्न आहे. बोलावलं आहेस, पण मी येणार नाही. मी तिथं उभी राहिले की बायका तुझ्या पायाकडं बघतील. अप्पा येतील. त्यांच्याबरोबर हे माप पाठवते आहे, आपल्या रानातल्या नव्या तांदळानं भरून, वर फडकं बांधून. तुझ्या नव्या सासूबाईंना मी सांगून ठेवलं आहे, उंबऱ्यावर हेच ठेवा.

एक गोष्ट सांगायची आहे. वारणानगरहून परत आणलेलं वजन मी फळीवर ठेवलं होतं; माप भरायच्या आधी बघायला गेले, तर ते जागेवर नाही. काल होतं. सगळं घर शोधलं, अप्पांनी गोठासुद्धा बघितला. कुठं गेलं ते मला माहीत नाही. म्हणून भरताना मी मापात तीनदा हात घालून तळ चाचपला. तांदळाशिवाय काही नाही.

तरी, पोरी, पाय लावायच्या आधी तू स्वतः एकदा हात घालून बघ.

तुझी,
माई